रबरी मासोळी, चपलेचा बेडूक आणि आपली मरळ

हे आजच्या भागाचं लेखी रूप, म्हणजे मापं हाताशी राहतील. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "भाऊ, ते रबरासारखे मऊ मासे घरी बनवता येतात का?" येतात. पण त्याआधी मासा त्याला फसतो कशामुळे, ते समजून घेऊ.

मऊ स्विमबेटची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. दोरी ओढली की ती थरथरते आणि पाण्यात दाबाच्या लाटा उठतात. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. तिने त्याला त्या लाटा जाणवतात. पावसाळ्यात वर्धा, पैनगंगा, आपली निर्गुडा सगळ्याच गढूळ. तिथे रंगरूपापेक्षा हालचाल जास्त कामाची, बरं का.

आता बनवण्याचं. हे मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसीची पूड आणि ते मऊ ठेवणारं तेलकट रसायन. साधारण 175 अंश सेल्सिअसला ते पातळ होतं आणि साच्यात ओततात. जास्त तापलं तर जळतं आणि आम्लाची घातक वाफ निघते. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा ओलसर असला तर गरम प्लास्टिक अंगावर उडतं. म्हणून हे स्वयंपाकघरात, घरच्या भांड्यात अजिबात नको. माझं मत विचाराल तर, रबरी मासा विकतच घ्या.

घरी करायचं तर लाकूड, बूच, चप्पल. 1936 मध्ये फिनलंडच्या लाउरी रापालाने बूच कोरून मासा केला आणि त्यावर चॉकलेटची चंदेरी वेष्टनं लावली. आजची जगभरातली रापाला कंपनी त्यातूनच उभी राहिली.

मरळीसाठी माझा आवडता म्हणजे चपलेचा बेडूक. जुन्या हवाई चपलेचा 5–6 सेंटिमीटरचा तुकडा बेडकासारखा कापा. मागे सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या बांधा, ते झाले पाय. गळ मधोमध बसवा. टोक वर, पण अंगाला चिकटून, म्हणजे शेवाळात अडकत नाही. तो तरंगतो. थोडा ओढा, थांबवा, पुन्हा ओढा. झटका बसला की लगेच हिसका देऊ नका. मरळीला तोंडात घेऊ द्या, मग ओढा.

आता महत्त्वाचं. मरळ पावसाळ्यात अंडी घालते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा झुबका वरखाली होताना दिसला, तर खाली आईबाप असतातच. तिथे काहीही टाका, ते धावून येतात. भूक म्हणून नाही, राखण म्हणून. तेव्हा मोठी मरळ सहज मिळते, आणि म्हणूनच तिथे गळ टाकू नये. राखणदार गेला की इतर मासे पिल्लांवर तुटून पडतात. एक मासा तुमच्या हाती येतो आणि पुढच्या सालच्या मरळी जातात.

शेवटचं: तलाव बरेचदा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात, आधी विचारा. बंद पडलेल्या कोळसा खाणींच्या खड्ड्यांकडे जाऊच नका; काठ ढासळतो आणि पाणी एकदम खोल. आणि तुटलेलं रबर पाण्यात सोडू नका, ते कुजत नाही.

पुढच्या भागात दोरीच्या गाठी पाहू. तोवर चप्पल कापून ठेवा. जुनीच, घरच्यांना विचारून!