तंबूही ‘पुट अप’, सोसणंही ‘पुट अप’

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत आज तंबू नाहीत. पक्की घरं आहेत, दुकानं आहेत. नाव मात्र तळाचं राहिलं. १८०९ साली दौलतराव शिंद्यांचा फिरता तळ राजपुतान्यात होता. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी त्या तळाबरोबर होता. तिथून लिहिलेली त्याची पत्रं पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. १८१० मध्ये तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला, तो उठलाच नाही. त्याचंच लष्कर हे शहर झालं.

अशा तळावरची तीन रोजची कामं इंग्रजीत एकाच जोडीने सांगता येतात. तंबू ठोकला: पुट अप अ टेंट. कुणाच्या राहुटीत रात्रीपुरतं उतरलो: पुट अप ॲट. धूळ आणि उकाडा निमूट सोसला: पुट अप विथ. ‘पुट’ म्हणजे ठेवणं, ‘अप’ म्हणजे वर. मग सोसणं आलं कुठून? परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जातात त्या अशाच जोड्या, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ सालीच आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नोंदवलं होतं.

पण आपण तर हेच दिवसभर करतो! ‘दूध पिऊन टाक’ म्हणताना कोणी काही टाकत नाही. ‘टाक’ फक्त सांगतो, पेला रिकामा झाला पाहिजे. इंग्रजीत ‘ड्रिंक अप’मधला ‘अप’ नेमकं हेच काम करतो. ‘खपवणे’ला ‘घेणे’ जोडलं की माल विकण्याचं सहन करणं होतं. बरं, ही जोडी फोडताही येते: ‘खपवून तरी किती घ्यायचं?’

इंग्रजीतली फोड जरा कडक असते. ‘पुट अप द टेंट’ आणि ‘पुट द टेंट अप’ दोन्ही बरोबर. पण तंबूऐवजी ‘इट’ आला की तो मधेच बसतो, ‘पुट इट अप’. ‘पुट अप इट’ कधीच नाही. सोसण्याच्या अर्थी मात्र तिन्ही शब्द हात सोडत नाहीत: ‘पुट अप विथ इट’.

आणि मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट आपल्याकडच्या इंग्रजीतली. विलायतेत ‘पुट अप’ म्हणजे चार दिवसांचा मुक्काम. आपल्याकडे ‘व्हेअर डू यू पुट अप?’ असं विचारून लोक कायमचं घर विचारतात. मुक्कामाचं घर झालं, थेट लष्करसारखं! परदेशी माणसाला विचारताना तेवढं ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ म्हणा, नाहीतर तो हॉटेलचं नाव सांगेल.