काळ्या रेघेतला ओढा

पेशवाईत वळविलेल्या पुण्याच्या आंबील ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला, काठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. ओढ्यांच्या वाटा कोणास ठाऊक नव्हत्या, असे मात्र म्हणता येणार नाही. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांवर त्या नोंदलेल्या आहेत.

विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासेत आरंभिलेल्या त्रिकोणमापनाच्या जाळ्यावर हे नकाशे उभे राहिले. (हा गृहस्थ १८२३ साली, काम चालू असतानाच, आपल्या हिंगणघाटास वारला.) तिपाईवर लाकडी फळा, त्यावर ताणलेला कागद आणि समोरचा डोंगर न्याहाळून जागच्या जागी ओढलेली रेघ, अशी पद्धत होती. मोजणीदार कोरड्या ऋतूत रानोमाळ हिंडत आणि पावसाळ्यात कचेरीत बसून शाईने स्वच्छ प्रत काढीत. विसाव्या शतकातील इंचास मैल प्रमाणाच्या रंगीत पत्रकावर बारमाही पाणी निळे, कोरडा पडणारा ओढा काळा, असा संकेत आहे. देशावरचे बहुतेक ओढे त्यामुळे काळ्या रेघांत सापडतात. काळी रेघ म्हणजे बांधकामास मोकळी जागा, असा सोयीस्कर अर्थ लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ती रेघ काढणाऱ्याने तो ओढा पावसाळ्यात पाहिलेलाच नसे!

जुनी देवळे, पूल यांसारख्या न हललेल्या खुणांच्या आधारे ही पत्रके आज संगणकावर उपग्रहाच्या चित्रावर बसविता येतात. बुजलेली तळी, वळविलेले प्रवाह मग आपोआप उघडे पडतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने नकाशे असे घरबसल्या पाहण्याची सोय केली आहे. स्वित्झर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातील नकाशांवरून हिमनद्या किती आटल्या हे ताडले जाते. अर्थात, प्रत्येक रेघेवर डोळे मिटून भिस्त ठेवू नये; दुर्गम भागात मोजणीदारानेही अंदाजावर भागविलेले असते.

आपल्याकडे नकाशा म्हणजे सरकारी गुपित, ही समजूत फार काळ टिकली. २००५ च्या धोरणाने नागरिकांसाठी निराळी मालिका आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. अडचण आता नियमांपेक्षा सवयीची अधिक आहे. बांधकामाच्या परवानगीचा कागद पुढे सरकण्यापूर्वी त्या जागेचे जुने पत्रक नव्याशी ताडून पाहिलेच पाहिजे, अशी अट नगरपालिकांनी घालावी. शाळांनीही भूगोलाच्या तासाला पाठांतर थोडे आवरून मुलांच्या हाती आपल्याच गावाचे पत्रक द्यावे. बुजलेल्या ओढ्याचे नाव सांगणारे एखादे आजोबा गावात आहेत, तोवर तरी.