खाऱ्या रस्त्यावरची गाडी : निदान आणि प्रतिबंध

आम्हां गोमंतकीयांना गंजाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. किनाऱ्यालगतच्या घरांतील खिडक्यांचे गज, फाटकाच्या बिजागऱ्या, अंगणातली स्कूटर, या साऱ्यांकडून खारा वारा दरवर्षी आपला कर वसूल करतोच. तरीही अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या मुलाकडे एका हिवाळ्यात गेलो असता गंजाचे जे रूप पाहिले, ते निराळेच होते.

मुलाची दहा वर्षे जुनी गाडी वरून लखलखीत दिसे. एका सकाळी घराच्या आवारातच ब्रेकचे पेडल थेट तळाला टेकले. पाचच मिनिटांनी आम्ही महामार्गावर असतो! मेकॅनिकने गाडी वर उचलून दाखविली. ब्रेक-तेलाची पोलादी नळी गंजून फुटली होती. पूर्वी एका गॅरेजने गंज न खरवडताच त्यावर जाड रबरी लेप चढविला होता आणि त्याखाली खारे पाणी कोंडून राहिले होते. पू न काढता जखम शिवावी, तसाच हा प्रकार.

डेट्रॉइट ही मोटारींची नगरी. पण मोटारींना खाणाऱ्या मिठाची खाणही तिच्याच पोटात, सुमारे १,२०० फूट खोलीवर आहे. १९४० च्या सुमारास रस्त्यावरील बर्फ हटविण्यासाठी मीठ वापरू लागलेल्या पहिल्या अमेरिकन शहरांत डेट्रॉइटची गणना होते. मिठाचे पाणी शून्य अंशाच्या खालीही गोठत नाही, हे त्यामागचे साधे शास्त्र. सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहते. व्यवहारात मात्र उणे दहाच्या आसपास साध्या मिठाचा प्रभाव मंदावतो. मग कॅल्शियम वा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही क्षारद्रव्ये हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यामुळे रस्ता कोरडा झाला तरी गाडीचा तळ ओलाच राहतो.

गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. लोखंड इलेक्ट्रॉन सोडते, पाणी आणि प्राणवायू ते स्वीकारतात. क्षारांमुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि क्लोराइड धातूवरील संरक्षक पापुद्रा भेदते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने रंगाला फोड येतात. हा फोड दिसेपर्यंत आतला रोग बराच पुढे गेलेला असतो.

यावर उपाय एकच, वेळीच प्रतिबंध. हिमवृष्टीनंतर पारा शून्याच्या वर येताच गाडीचा तळ व चाकांवरील पोकळ्या जोरदार पाण्याने धुवाव्यात आणि वसंतात एकदा संपूर्ण प्रक्षालन करावे. दारांच्या खालील निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. दगडाने उडालेला रंग लगेच भरावा. शरद ऋतूत, गाडी स्वच्छ व कोरडी असताना, सांध्यांत झिरपणारे तेलकट वा लॅनोलिनयुक्त संरक्षक द्रव्य फवारावे. हे दरवर्षी करावे लागते. पायाखाली उंच काठाचे रबरी पायपोस असावेत, कारण बुटांबरोबर आलेले खारे पाणी आतूनही पत्रा खाते. एक गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटेल : न धुतलेली गाडी उबदार गॅरेजात ठेवणे अपायकारक असते. बर्फ वितळतो, उष्णता मिळते आणि गंजाचा वेग वाढतो. जुन्या गाडीच्या ब्रेकच्या नळ्या दरवर्षी तपासून घ्याव्यात आणि बदलायच्या झाल्यास तांबे-निकेल मिश्रधातूच्या घ्याव्यात.

आम्हां वैद्यकांसाठी या कथेला आणखी एक बाजू आहे. डेट्रॉइटच्या वायव्येस असलेल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये नदीचे पाणी पिण्यासाठी घेतले. त्यात क्लोराइड अधिक होते; हिवाळ्यातील रस्त्यांचे मीठ शेवटी नद्यांतच उतरते. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या तेथील इंजिन-कारखान्यात ते पाणी बंद केले, कारण यंत्रांचे भाग गंजू लागले होते. नागरिक मात्र तेच पाणी पीत राहिले. त्यात गंजरोधक द्रव्य मिसळले जात नसल्याने जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरत होते. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हन्ना-अत्तिशा यांनी मुलांच्या रक्तातील शिशाचे वाढलेले प्रमाण पुराव्यानिशी मांडले, तेव्हा कोठे यंत्रणा हलली. यंत्राचे दुखणे सर्वांना दिसले, मुलांचे दिसायला एक वर्ष लागले.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज अशाच हिमप्रदेशांत आहेत. दूरध्वनीवर आपण थंडीची, जेवणाची चौकशी करतोच. यापुढे ‘गाडीचा तळ धुतलास का? ब्रेकच्या नळ्या तपासल्यास का?’ हेही जरूर विचारावे. माझा मुलगा हसतो. पण आताशा उत्तर ‘हो बाबा’ असेच येते.