नाल्याची साक्ष

सकाळी सहा ते नऊ ही नाल्याच्या भरतीची वेळ. वस्ती जागी झालेली असते, सार्वजनिक शौचालयांपुढच्या रांगा सरकत असतात आणि महापालिकेच्या उदंचन केंद्रात मैलापाणी दिवसभरातलं सगळ्यात दाट येत असतं. नमुना घेणारा माणूस नेमका याच वेळी येतो. पायांत गमबूट, हातांत रबरी मोजे, दोरीला बांधलेली बादली. बादली खाली सोडायची, वर ओढायची, रुंद तोंडाच्या बाटलीत लिटरभर पाणी ओतायचं, झाकण घट्ट लावून बाटली बाहेरून पुसायची, तिच्यावर जागा, तारीख आणि वेळ लिहायची आणि ती बर्फाच्या पेटीत ठेवायची. पल्स पोलिओची लस जशी थंड पेटीतून वस्तीत येते, तसंच हे पाणी थंड पेटीतून वस्तीबाहेर जातं.

मुंबईत हे काम २००१ पासून नेमाने चाललं आहे. भारतात पोलिओसाठी सांडपाण्याची नियमित तपासणी सुरू झाली ती इथेच, परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये. डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. पोलिओ हद्दपार झाल्याचा आनंद आपण सगळ्यांनी साजरा केला, पण त्या यशातला गटाराचा वाटा फार थोड्यांना ठाऊक आहे. तो ठाऊक व्हावा असं मला मनापासून वाटतं.

पोलिओची खोड अशी, की तो बहुतेकांच्या शरीरात गुपचूप राहून जातो. लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांमागे एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीची मुलं खेळत असतात, फार तर दोन दिवस ताप, आणि त्यांच्या विष्ठेतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. लुळं पडलेलं मूल दवाखान्यात पोचेपर्यंत तो गल्लीगल्लीतून फिरून आलेला असतो. शिवाय ते मूल पोचेलच याची खात्री काय? ज्या घरात दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही, तिथे ‘पाय आखडलाय, होईल बरा’ म्हणून दिवस जातात. नाल्यापर्यंत मात्र प्रत्येक घर पोचतं. कुणाच्या नावाची चिठ्ठी लागत नाही, केसपेपर लागत नाही.

प्रयोगशाळेत त्या लिटरातलं अर्धं पाणी घेतात. आधी यंत्रात फिरवून गाळ बाजूला काढतात, मग त्यात डेक्स्ट्रान, पॉलिइथिलीन ग्लायकोल आणि मीठ घालून खूप हलवतात आणि नळी लावलेल्या काचेच्या नरसाळ्यात रात्रभर फ्रिजच्या थंडाव्यात ठेवून देतात. सकाळी पाण्याचे दोन थर झालेले असतात. खालच्या पातळ थरात विषाणू जमलेले असतात; तोंडाची चावी अलगद फिरवून तेवढेच काही मिलिलिटर उतरवून घेतात. ते मग जिवंत पेशींवर सोडायचे. यातल्या एका जातीच्या पेशी मुळात उंदराच्या, पण त्यांच्यावर माणसाच्या पेशीवरचं, पोलिओचा विषाणू चिकटतो ते प्रथिन बसवलेलं. रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. विषाणू असेल तर पसरट पेशी गोल होतात, काचेपासून सुटतात आणि मरतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. घाई करून चालत नाही.

खरी कमाल त्यापुढे आहे. विषाणूच्या वेष्टणाच्या एका जनुकात सुमारे नऊशे अक्षरं असतात आणि वर्षाला त्यातली जवळजवळ एक टक्का, म्हणजे आठ-नऊ अक्षरं बदलतात. दोन नमुन्यांतली अक्षरं ताडून पाहिली, की कोण कुणाचा वंशज आणि किती काळ दूर फिरून आलाय ते कळतं. मुंबईच्या सांडपाण्यातल्या विषाणूंची नाती अनेकदा उत्तर प्रदेश-बिहारकडे जुळत. इथे मला एक सांगायचंच आहे. ही माहिती कुणाला बोल लावण्यासाठी नव्हती. पोटासाठी आलेल्या माणसांच्या बाळांना डोस मिळाले का, हे विचारायला बांधकामाच्या साइटवर, रेल्वे स्टेशनवर, रुळांलगतच्या झोपड्यांत लसीकरणाची माणसं गेली, ती याच माहितीच्या जोरावर.

२००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. मुंबईच्या सांडपाण्यात नैसर्गिक पोलिओ विषाणू शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात दोन वर्षांच्या एका मुलीचा पाय लुळा पडला आणि ती देशातली शेवटची रुग्ण ठरली. ‘शेवटची’ हे त्या दिवशी कुणाला माहीत होतं? ते ठरवायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत मुंबई, दिल्ली, पाटणा, कोलकात्याच्या गटारांतून बाटल्या भरून येत राहिल्या आणि प्रत्येकीचं उत्तर ‘नाही’ असं लिहिलं गेलं. एखादी गोष्ट नाही हे सिद्ध करणं किती चिकाटीचं काम असतं! त्या ‘नाही’च्या ढिगावर २७ मार्च २०१४ चं पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र उभं आहे.

पुढे मे २०१६ मध्ये हैदराबादच्या एका नमुन्यात लसीतल्याच विषाणूपासून बदललेला टाइप दोनचा पोलिओ विषाणू सापडला. एकही मूल आजारी नव्हतं. तरी जूनमध्ये त्या भागातल्या सुमारे ३ लाख मुलांना इंजेक्शनची लस दिली गेली. नाल्याने सांगितलं आणि माणसांनी ऐकलं, असं हे उदाहरण मी जपून ठेवलं आहे.

युक्ती तशी जुनी आहे. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर यांनी कापडी गॉझची गुंडाळी गटारात टांगून पॅराटायफॉइडचा माग काढला. तीच गुंडाळी १९८० च्या दशकात चिलीच्या सँतियागोत टायफॉइडसाठी वापरली गेली. तिथे भाज्यांना शहराचं मैलापाणी मिळत होतं. १९९१ मध्ये कॉलऱ्याच्या धास्तीने ते पाणी बंद केलं आणि टायफॉइड झपाट्याने उतरला.

करोनाच्या वेळी मुंबईतली पोलिओची घडी आयती उपयोगी पडली. मार्च २०२० च्या मध्यावरच्या, म्हणजे टाळेबंदीआधीच्या, नमुन्यांत विषाणूचा माग नव्हता. मेमधल्या नमुन्यांत तपासलेल्या सहाही वॉर्डांत तो होता. नव्याने काही उभारायला लागलं नाही. माणसं आणि बादल्या होत्याच.

पण गटारं सगळीकडे कुठे आहेत? आफ्रिका-आशियातल्या कितीतरी शहरांत घराखाली शोषखड्डा असतो, नाहीतर घरामागून उघडा नाला वाहतो. खड्ड्यातला मैला कुठेच वाहत जात नाही, म्हणून तिथली माणसं या तपासणीतही मोजली जात नाहीत. कराचीत उघड्या नाल्यांतून नमुने घेतात. पाऊस झाला की पाणी पातळ होतं आणि विषाणू हाताला लागत नाही. आपल्याकडचा जुलै आठवला तर हे सांगायला नको. शिवाय अमुक नाल्यात विषाणू सापडला अशी बातमी आली, की लोक त्या वस्तीकडेच बोट दाखवतात. तिथल्या बाईला घरकामावर येऊ नको म्हणतात. नमुना देणाऱ्या वस्तीला त्याच्या मोबदल्यात लस आणि स्वच्छ पाणी मिळायला हवं, ही अपेक्षा मला अजिबात जास्त वाटत नाही.

गाझा पट्टीत युद्धाने गटारं फुटली होती, मैला तंबूंमधून वाहत होता. तरीही २३ जून २०२४ ला खान युनिस आणि देर अल-बलाहमध्ये कुणीतरी बाटल्या भरल्या. जुलैच्या मध्यावर उत्तर आलं, टाइप दोन. ऑगस्टमध्ये देर अल-बलाहमधल्या दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओ झाल्याचं निश्चित झालं. गाझातला पंचवीस वर्षांतला तो पहिला रुग्ण. युद्ध सुरू झालं त्याच सुमाराला जन्मलेल्या त्या बाळाला लसीचा एकही डोस मिळाला नव्हता. लसीकरणापुरती लढाई थांबून थेंब देण्याची मोहीम सुरू झाली ती १ सप्टेंबरला. बाटल्या भरल्याला तोवर सत्तर दिवस झाले होते.