सुटण्यासाठीच चिकटणारी पट्टी

ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा मालमोटार दोन रंगांत रंगवणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल. मोहोळसारख्या महामार्गावरच्या गावी हे दृश्य नवे नाही. निळ्या रंगावर पिवळा पट्टा मारायचा असला, की तो आधी एक पिवळसर कागदी टेप लावून घेतो, मग फवारा मारतो आणि शेवटी टेप ओढून काढतो. कडा अशी सरळ येते, की जणू पट्टीने आखली! हा मास्किंग टेप. एखादा चिकटपदार्थ कधीच सुटू नये म्हणून आपण धडपडतो. येथे मात्र वेळेवर व स्वच्छपणे सुटणे हाच खरा गुण आहे.

हा टेप 1925 मध्ये अमेरिकेत तयार झाला. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे सँडपेपर बनवणाऱ्या एका कंपनीत रिचर्ड ड्रू हा तरुण प्रयोगशाळेत साहाय्यक होता. सँडपेपरचे नमुने घेऊन तो मोटारी रंगवण्याच्या कारखान्यात जाई. त्या काळी दुरंगी मोटारींची हौस होती. पण रंगाऱ्यांनी चिकटवलेला कागद काढताना खालचा ताजा रंगही निघून येई व सारे काम वाया जाई. ड्रूने दोन वर्षे खटपट केली आणि सुरकुत्या असलेल्या क्रेप कागदावर सुताराच्या सरसात ग्लिसरीन मिसळून लावले. सुरकुत्यांमुळे कागद ताणला जातो व वळणावरही बसतो.

आता यातील भौतिकी पाहू. चिकटाच्या रेणूंची पृष्ठभागाशी असलेली ओढ म्हणजे आसंजन. त्यांची आपापसांतील ओढ म्हणजे ससंजन. टेप स्वच्छ निघायचा, तर आसंजन हे ससंजनापेक्षा कमी असले पाहिजे. उलटे झाले, की चिकटाचा थर मधूनच फाटतो आणि अर्धा चिकट वस्तूवर राहतो.

एक प्रयोग कराच. पत्र्याच्या कपाटावर टेपचे सारख्या लांबीचे दोन तुकडे लावा. प्रत्येकाचे एक टोक मोकळे ठेवा. पहिल्याचे टोक पत्र्याला समांतर ओढा. तो हलायला तयार नसतो. दुसऱ्याचे टोक मागे दुमडून ओढा. तो सहज येतो! पहिल्या वेळी तुमचा जोर चिकटलेल्या साऱ्या क्षेत्रफळावर वाटला गेला. दुसऱ्या वेळी तो टेपच्या रुंदीएवढ्या एका अरुंद रेषेवर एकवटला.

पुढची पायरी अधिक मजेची आहे. टेबलाच्या खालच्या बाजूला टेप लावून त्याच्या लोंबत्या टोकाला वाळूची छोटी पिशवी बांधा आणि 5 सेंटिमीटर सुटायला किती सेकंद लागतात ते मोजा. वाळू दुप्पट केली, तर वेळ निम्मा होतो का? आलेख काढून पाहा. हाच प्रयोग सकाळी आणि भर दुपारी करा. चिकट हा काहीसा रबरासारखा, तर काहीसा काकवीसारखा असतो. उष्णतेने त्याची श्यानता घटते.

म्हणूनच एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर टेप दिवसभर ठेवणे बरे नव्हे. मऊ झालेला चिकट बारीक खाचांत शिरतो आणि मग सुटता सुटत नाही. रंग पुरता वाळण्यापूर्वीच टेप दुमडून सावकाश काढावा. घाईने हिसका दिला, तर कागदच फाटतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत याचा दुसरा गुण कामी येतो: यावर पेन्सिलीने लिहिता येते. मिठाचे पाणी आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल दिसायला एकसारखेच! चंचुपात्रात द्रव ओतण्यापूर्वी त्यावर टेप लावून नाव लिहावे. घरंगळणाऱ्या गोळीची दर सेकंदाची जागा फरशीवर दाखवायलाही यासारखे साधन नाही. खडूची खूण पायाने पुसली जाते. मात्र विजेच्या उघड्या वायरीला हा टेप कधीही गुंडाळू नये. तो कागद आहे. ओल शोषतो आणि पेटतोही.

माझ्या मते सर्वांत उपयुक्त म्हणजे पर्जन्यमापक. सरळ भिंतींची प्लॅस्टिकची मोठी बाटली घ्या. खांद्याखाली जेथे ती सरळ होते तेथे कापा व कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवा. तळ वाकडातिकडा असतो, म्हणून आत थोडे खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी भरा; ती पातळी शून्य. तेथून वर टेपची उभी पट्टी लावून मिलिमीटरच्या खुणा करा. आमच्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात एक मिलिमीटरलाही किंमत आहे, कारण तेवढ्या पावसाने एका एकरावर सुमारे 4,000 लिटर पाणी पडते. पट्टी पावसाने भिजली, की बदलावी लागेल. त्यासाठी शून्याची रेघ तेवढी बाटलीवरच खिळ्याने कोरून ठेवा आणि रोज सकाळी ठरावीक वेळी आकडा वहीत उतरवून पाणी पुन्हा त्या रेघेवर आणा.