कुंपणाचे डांब कसे हलवतात

डांब रोवणे सोपे, पण बरीच वर्षे रुतलेला डांब न मोडता काढणे अवघड. नुसता ओढला तर तो जमिनीच्या तोंडाशी कटकन मोडतो. लाकूड तिथेच आधी कुजते, कारण तिथे ओलही असते आणि हवाही लागते.

आमचे कुंपण पाणंदीला अगदी लागून होते. पावसाळ्यात शाळेला येताना एका बाजूला काटेरी तार आणि दुसऱ्या बाजूला चिखल. बैलगाडी आली की मुलांनी उभे कुठे राहायचे? म्हणून वडिलांनी कुंपण तीन फूट आत घ्यायचे ठरवले. बाभळीचे २२ डांब होते. नवे घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा जुनेच शाबूत निघायला हवे होते.

आधी पकडीने यू-खिळे काढून तार सोडवली. खिळे मोजून डब्यात ठेवले, नाहीतर बैलाच्या खुरात जातात. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात दगडासारखी होते. म्हणून आदल्या संध्याकाळी प्रत्येक डांबाच्या बुडाशी दोन घागरी पाणी ओतले. सकाळी एका बाजूने फूटभर खणून डांब मागेपुढे हलवला.

मित्रांनो, आता आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ! डांबाच्या बुडाला साखळीचा फास घातला, फासात पहारीचे टोक अडकवले आणि पहारीखाली दगड ठेवला. तो टेकू. टेकूपासून साखळी अर्धा फूट आणि आपला हात चार फूट असेल, तर आठपट जोर मिळतो. मी दाबले तरी डांब वर आला!

हद्दीचा दगड कोपऱ्यावरच आहे. आजोबा म्हणाले, "त्याला हात लावू नगा. कुंपण आपलं हाय, हद्द दोघांची हाय." महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही हद्दीची खूण परस्पर हलवणाऱ्याला दंड सांगितला आहे.

रोवताना दोन टोकांचे डांब आधी उभे करून सुतळी ताणली. मधले आठ-आठ फुटांवर, सुतळीला टेकून. सहा फुटी डांब दोन फूट जमिनीत जातो. खड्डा काळ्या मातीने भरू नये. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि डांब डुलायला लागतो. आम्ही दगड आणि मुरूम घातला. अर्धा फूट भरायचे, पहारीने ठोकायचे, मग पुन्हा भरायचे. हात भरून येतात, पण इथे घाई केली तर सगळे फुकट.

दोन डांब बुडाशी कुजलेले निघाले. ते कापून कोपऱ्याच्या डांबाला आतून तिरके टेके दिले, कारण तार त्याला दोन्हीकडून आत ओढते.

पालकांना विनंती, शाळेत येताना त्या कोपऱ्यावरच्या डांबाला इतक्यात बैल बांधू नयेत. मुरूम अजून बसायचा आहे.