एक गाडी, अनेक इंजिने

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा दोन दोर असतात आणि माणसांच्या दोन फळ्या. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या जाळ्याची दोन टोके किनाऱ्यावर एकमेकांपासून दूर असतात. दोन्हीकडची माणसे ओढत ओढत जवळ येतात. एक फळी पुढे गेली, दुसरी मागे राहिली, तर जाळे तिरके होते आणि मासळी निसटते. बळ भरपूर असूनही ते जुळले नाही तर श्रम फुकट जातात. एका गाडीला दोन किंवा अधिक इंजिने लावली की रेल्वेपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. टेबलावर धावणाऱ्या छंदाच्या रेल्वेत तर तो खऱ्या रेल्वेपेक्षाही अवघड होतो. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

सिंधुदुर्गातल्या वाचकाला घाटातली जोड इंजिने घराजवळ फारशी दिसत नाहीत. 26 जानेवारी 1998 पासून सलग सुरू झालेली कोकण रेल्वे सह्याद्री चढत नाही. ती त्याच्या पायथ्याने, समुद्राला साधारण समांतर जाते. वाटेत आडव्या येणाऱ्या डोंगरांतून बोगदे काढले, दऱ्यांवर पूल बांधले आणि मार्गाचा चढ 150 फुटांत 1 फूट इतका सौम्य ठेवला. देशावर चढणाऱ्या मार्गांची गोष्ट वेगळी. 1863 मध्ये खुला झालेला बोरघाट आणि 1865 चा थळघाट यांचा चढ 37 फुटांत 1 फूट आहे. गोव्यातून कर्नाटकात चढणारा कुळे ते कॅसलरॉक हा घाटही जवळपास तितकाच खडा. म्हणून कर्जत, कसारा, कुळे या घाटपायथ्याच्या स्थानकांवर गाडीला जादा इंजिने जोडण्याची प्रथा पडली. रेल्वेच्या भाषेत ही ‘बँकर’ इंजिने.

बँकर बहुधा गाडीच्या मागे लावतात. त्याला दोन कारणे आहेत. सगळी इंजिने पुढे जोडली, तर संपूर्ण गाडीचे ओझे पहिल्या डब्याच्या जोडणीवर, म्हणजे कपलिंगवर येते, आणि कपलिंगची ताकद ठरलेली असते. मागून ढकलल्यास हे ओझे वाटले जाते. दुसरे कारण सुरक्षिततेचे. चढावर जोडणी तुटलीच, तर सुटलेले डबे मागे घरंगळू नयेत म्हणून खाली आधार असलेला बरा. पण मागच्या जोरालाही मर्यादा आहे. वळणावर पुढून फार ओढले तर हलके डबे आतल्या बाजूला खेचले जातात. मागून फार ढकलले तर ते बाहेरच्या बाजूला रेटले जातात. दोन्हीकडे रूळ सोडण्याचा धोका असतो.

वाफेच्या काळात प्रत्येक इंजिनावर स्वतंत्र ड्रायव्हर आणि फायरमन लागत. पुढच्याने शिटीचा ठरलेला संकेत द्यायचा, मागच्याने तो ओळखून जोर लावायचा. अनेक यंत्रे एकाच हाताने चालवण्याची किल्ली सापडली ती विजेमुळे. अमेरिकन अभियंता फ्रँक स्प्रेग याने लिफ्टच्या नियंत्रणावर काम करताना सुचलेली कल्पना 1897 मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी वापरली. प्रत्येक मोटारडब्याची मोठी वीज त्या त्या डब्यातच राहते. डब्याडब्यांतून जाणाऱ्या बारीक तारांमधून फक्त आज्ञा जाते. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावलेली पहिली विजेची लोकल याच तत्त्वावर होती. दोन डिझेल किंवा विजेची इंजिने एकाच ड्रायव्हरच्या हाती देतात तीही अशाच केबलने. इंजिने गाडीत दूरदूर विखुरलेली असली तर हेच काम रेडिओने होते. 15 ऑगस्ट 2022 रोजी छत्तीसगडमध्ये चालवलेल्या ‘सुपर वासुकी’ या मालगाडीला 295 वाघिणी आणि 6 इंजिने होती. तिची लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर होती.

आता कळीचा मुद्दा. इंजिनाचा ड्रायव्हर हँडल पुढच्या खाचेवर नेतो तेव्हा तो प्रामुख्याने जोर किती लावायचा ते सांगतो. वेग किती येईल, हे चढ, ओझे आणि वारा ठरवतात. त्यामुळे जोडलेल्या दोन इंजिनांपैकी एक थोडे अधिक ताकदीचे असले तरी बिघडत नाही. ते थोडा जास्त वाटा उचलते, इतकेच. जुन्या डीसी मोटारींचा स्वभावही असा की वेग वाढला की ओढ कमी होते. पुढे पळू पाहणारे इंजिन आपोआप सैल पडते.

छंदाच्या रेल्वेत पूर्वी रुळांतूनच कमीजास्त दाबाची वीज सोडत. रुळावर जितकी इंजिने, तितकी सगळी एकदम पळणार. 1980 च्या दशकात जर्मनीतील लेंझ कंपनीने मांडलेली आणि पुढे अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने प्रमाणित केलेली डीसीसी पद्धत वेगळी आहे. रुळात सतत पूर्ण दाबाची वीज असते, पण तिची दिशा झपाट्याने उलटसुलट होते. प्रत्येक अर्ध्या फेरीला 58 मायक्रोसेकंद लागले तर तो ‘एक’. 100 किंवा त्याहून अधिक लागले तर ‘शून्य’. या एक-शून्यांतून संदेश बनतो: कोणाला, काय, आणि शेवटी चूक तपासण्याचा आकडा. प्रत्येक इंजिनातल्या डीकोडरला स्वतःचा पत्ता असतो. आपल्या पत्त्यावरचा संदेश तो पाळतो, बाकीचे सोडून देतो.

अशी इंजिने जोडण्याचा एक मार्ग म्हणजे नियंत्रकाने प्रत्येकाला वेगवेगळा संदेश धाडत राहणे. दुसरा अधिक सुटसुटीत. डीकोडरमध्ये ‘सीव्ही’ नावाचे क्रमांकित कप्पे असतात. त्यांतल्या 19 व्या कप्प्यात जोडीचा सामाईक पत्ता लिहायचा. समजा, 3 आणि 7 क्रमांकाच्या इंजिनांना 21 हा सामाईक पत्ता दिला. दोघांच्या 19 व्या कप्प्यात 21 लिहिले की एकच संदेश दोघे पाळतात. 7 क्रमांकाचे इंजिन पाठमोरे जोडायचे असेल तर तिथे 128 मिळवून 149 लिहायचे. मग ‘पुढे’ म्हटल्यावर ते आपल्या दृष्टीने मागे, पण गाडीच्या दृष्टीने पुढेच जाते. शून्य लिहिले की जोडी मोडली.

आज्ञेची एकी इतकी सोपी. पण इथली आज्ञा जोराची नसते, वेगाची असते. शिवाय बहुतेक छोट्या इंजिनांत मोटार आणि चाक यांच्यामध्ये स्क्रूसारखा वर्म गिअर असतो. मोटार चाक फिरवू शकते, चाक मोटारीला फिरवू शकत नाही. एकाच आज्ञेवर एक इंजिन सेकंदाला 20 सेंटिमीटर आणि दुसरे 21 सेंटिमीटर धावत असेल, तर सुटे असताना मिनिटाभरात त्यांच्यात 60 सेंटिमीटरचे अंतर पडेल. जोडलेली असताना हेच अंतर चाकांच्या घसरण्यातून आणि मोटारींच्या तापण्यातून भरून निघते. त्यात चांगला डीकोडर आणखी भर घालतो. तो क्षणभर वीज तोडून फिरत्या मोटारीत उपजणारा दाब मोजतो, त्यावरून वेग ओळखतो आणि वेग घटला की हट्टाने वाढवतो. मग दोन आज्ञाधारक इंजिने एकमेकांशीच भांडत राहतात.

उपाय धीराचा आहे. दोन्ही इंजिने न जोडता, थोड्या अंतराने एकाच रुळावर सोडायची आणि मधले अंतर वाढते की घटते ते पाहायचे. जलद इंजिनाला मंद इंजिनाच्या पातळीवर आणायचे. मंदाला त्याच्या कुवतीबाहेर पळवता येत नाही. सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग अनुक्रमे 2, 6 आणि 5 या कप्प्यांतून जुळवता येतो. वेग घेण्याचा आणि सोडण्याचा सावकाशपणा 3 आणि 4 या कप्प्यांत असतो. तोही सारखा हवा, नाहीतर निघताना आणि थांबताना हिसके बसतात. काही डीकोडरांत जोडीपुरता वेगाचा हट्ट सौम्य करण्याचीही सोय असते. वेग तंतोतंत जुळत नाही; राहिलेला फरक जोडणीतली थोडी ढील सांभाळून घेते.

एकाच मांडणीवर अनेक छोट्या गाड्या चालताना पाहायच्या असतील तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि 1 एप्रिल 1998 पासून खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. कोकण रेल्वे सलग सुरू झाली त्याच वर्षीचे. खेळणे म्हणून पाहिले तरी आनंद आहेच. पण या छंदात एक जुना धडा नव्याने हाती येतो. सर्वांना एकच हुकूम पोचला म्हणजे सर्व एकत्र ओढतात असे नाही. रापणीच्या दोरावरच्या माणसाला पलीकडच्या फळीचा जोर हातातल्या ताणातून कळतो आणि तो आपला जोर आवरतो. घाटातल्या इंजिनाला तो कपलिंगमधून जाणवतो. छोट्या इंजिनाला मात्र फक्त आपला वेग कळतो, शेजाऱ्याचा ताण कळत नाही. म्हणून ती जाण त्याच्या मालकाने आधीच, कप्प्याकप्प्यांत भरून ठेवावी लागते.